वाचक विचारतात : रानात जायचंय, पण चाकाच्या खुर्चीवरून

या वेळच्या टपालात घराबाहेरच्या, उघड्यावरच्या आयुष्याबद्दलची चार पत्रं एकत्र आली. नेहमी प्रमाणपत्र, पेन्शन, नोकरीतलं आरक्षण यांबद्दल विचारलं जातं. रान, नदी, गड यांबद्दल कुणी विचारत नाही, जणू अपंग माणसाला त्यांची गरजच नसते. म्हणून आजची सगळी जागा या चार पत्रांना दिली आहे. नव्या वाचकांसाठी सांगते, मी स्वतः लहानपणीच्या पोलिओमुळे कॅलिपर आणि कुबड्यांवर चालते, लांबच्या अंतराला चाकाची खुर्ची वापरते. मणक्याला मार लागलेल्या माणसांबरोबर कोल्हापुरात काम करण्यात माझं बरंच आयुष्य गेलं आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं गाव राधानगरी तालुक्यात, रानाला लागून. वय ३४. आंब्याच्या झाडावरून पडलो आणि मणका गेला. कमरेखालचं काही कळत नाही. त्याआधी गावच्या पोरांबरोबर रात्री-अपरात्री रानात असायचो, डुकराच्या मागं हाकाऱ्यालाही जायचो. माग काढण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. आता पोरं जातात आणि मी ओसरीवरून डोंगरात बॅटऱ्या हलताना बघत बसतो. मोबाइलवर अमेरिकेतला एक माणूस बघितला. माझ्यासारखाच. रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणाऱ्या खुर्चीतून रानात जातो, हरणाची शिकार करतो. आपल्याकडं तसं होईल का? निदान पोरांबरोबर नुसतं जाऊन बसलो तर चालेल का?

उत्तर : भाऊ, आधी कायद्याचं सरळ सांगते. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. त्या कायद्यात शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं एवढंच धरलेलं नाही. जनावर पकडणं, फास लावणं, हाकारा घालून पळवणं, आमिष ठेवणं आणि या सगळ्याचा नुसता प्रयत्न करणं, हेही त्यात येतं. म्हणजे पोरांबरोबर ‘नुसतं बसणं’सुद्धा तुम्हाला कोर्टात नेऊ शकतं. पिकाची नासधूस करणाऱ्या डुकरांबाबत वनखातं परवानगी देतं, पण ती शेतकऱ्याची अडचण सोडवायला असते, हौसेला नाही. खुर्चीवर असल्यामुळं यात सूट नाही, आणि ती असावी असं मला वाटतही नाही. तुमच्या गावच्या पोरांनाही हेच वाचून दाखवा.

आता त्या अमेरिकेतल्या माणसाबद्दल. तिकडं शिकार परवान्यानं, ठरलेल्या हंगामात आणि ठरलेल्या संख्येपुरती चालते. कित्येक राज्यांत अपंग शिकाऱ्याला वेगळी परवानगी मिळते. कुणाला उभ्या गाडीतून नेम धरता येतो, कुणाला ओढायच्या धनुष्याऐवजी बंदुकीसारखा चाप असलेलं धनुष्य, म्हणजे क्रॉसबो, वापरता येतं. हात चालत नसलेल्यांसाठी तोंडातल्या नळीतून श्वास ओढून चाप दाबायची सोयसुद्धा आहे. कोलोरॅडोतल्या स्टॉन्टन नावाच्या सरकारी उद्यानात तशी पट्ट्यांची खुर्ची फिरायला फुकट मिळते, तिथं शिकारीचा संबंधही नाही. त्या लोकांनी तीन अडचणी सोडवल्या : रानाच्या तोंडापासून आतपर्यंत कसं जायचं, तिथं तासन्‌तास कसं बसायचं, आणि हात थरथरत असला तरी हातातली वस्तू स्थिर कशी ठेवायची. या तिन्हींची उत्तरं बंदूक वजा करूनही आपल्या कामाची आहेत.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं : ‘माग काढण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता.’ भाऊ, ही विद्या तुमच्या पायात नव्हती. ओल्या मातीतला खूर बघून जनावर किती वेळापूर्वी गेलं, कळप होता की एकटा नर, वारा कुठून येतोय, हे डोळ्यांना आणि डोक्याला कळतं, आणि ते तुमचं जसंच्या तसं शाबूत आहे. तुम्हाला ओसरीवर जे खुपतंय ते डुक्कर मारायला न मिळणं नसावं. गटात तुमचं जे काम होतं, ज्यासाठी पोरं तुमच्या तोंडाकडं बघायची, ते काम गेलंय. म्हणून रानात परत जायचं ते काम घेऊनच जा. कुणीतरी उचलून गाडीत ठेवलं, फिरवून आणलं, ‘बघितलंस ना?’ म्हणून घरी सोडलं, अशा सहलीनं माणूस आणखी खचतो. मी हे फार जवळून पाहिलंय.

तुमच्या दारात दाजीपूर आहे. कोल्हापूरच्या राजघराण्याचं ते शिकारीचं राखीव रान. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झालं, १९८५ मध्ये राधानगरीपर्यंत वाढवलं गेलं आणि आज ते ३५१ चौरस किलोमीटर आहे. (शाहू महाराजांच्या काळात पाळलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार व्हायची. पुढं देशातला चित्ताच संपला आणि १९५२ मध्ये तसं जाहीर करावं लागलं. बंदी कशासाठी, याचं उत्तर आपल्या गावच्याच इतिहासात आहे.) पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं. उघडल्यावर प्रवेशपत्र काढून, वाटाड्या घेऊन गाडीनं आत जाता येतं. जाण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात सांगून ठेवा की बरोबर चाकाची खुर्ची आहे, आणि कुठं उतरता येतं ते विचारा. मनोऱ्याला शिडी असते, त्याचा हट्ट धरू नका. पाणवठ्याच्या बाजूला गाडी बंद करून गप्प बसलात तर जमिनीवरूनही भरपूर दिसतं, आणि गव्याचा खूर तर जमिनीवरूनच दिसतो.

गाडीबद्दल जरा सविस्तर, कारण सगळं इथंच बिघडतं. उघड्या जीपची मागची बाकडी तुमच्यासाठी नाहीत. पुढची सीट घ्या. खुर्चीतून सीटवर जाताना मधे गुळगुळीत फळी टाकून सरकता येतं. उचलावंच लागलं तर एकानं पाठीमागून छातीभोवती हात घालून आणि दुसऱ्यानं गुडघ्यांखालून धरायचं. दंडाला धरून ओढू द्यायचं नाही, खांदा निखळतो. तुमची रोजची उशी खुर्चीतच राहू देऊ नका, ती गाडीच्या सीटवर आपल्याखाली घ्या. छातीवरून एक रुंद पट्टा बांधा. कमरेखालची हाडं वापर नसल्यानं ठिसूळ होतात, त्यामुळं खडकाळ रस्त्यावर गाडी अगदी हळू चालवायला लावा. दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर अंग उचलायचं, हे रानातही चुकवायचं नाही. गवा समोर उभा असला तरी नाही. एकाच जागी बसून बैठकीवर झालेली एक जखम सहा-सहा महिने अंथरुणाला खिळवते.

गाडीची तळपाटी तापते आणि तुमच्या पायाला ते कळत नाही, म्हणून बूट आणि खाली जाड गोणपाट हवं. लघवीची अडचण होईल म्हणून पाणी कमी पिऊ नका. लघवीच्या नळीची (कॅथेटरची) वेळ ठरलेली असेल ती पाळा, बरोबर जादा नळी, साबण, पाणी ठेवा. घरी आल्यावर पाय, मांड्यांचे सांधे, कंबर आरशानं तपासा. गोचीड आणि जळू तुम्हाला चावल्याचं समजणार नाही, आणि आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गात गोचिडीतून माकडताप झालेला आहे.

अभयारण्य रोज होणार नाही. रोजचं रान तुमच्या मळ्यात तयार करा. बांधाजवळ बांबू आणि हिरव्या शेडनेटचं एक लपण करा. दार ९० सेंटीमीटर रुंद हवं, आत खुर्ची वळवायला पाच फुटांची मोकळी जागा, खाली मुरूम ठोकून सपाट. बघायची फट बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून साधारण ११५ सेंटीमीटरवर. स्वतः बसून मापून घ्या, गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका. समोर पसरट भांड्यात पाणी. सकाळी दोन तास बसा. सातभाई, बुलबुल, धोबी येतीलच, त्यांच्यावर टपलेला शिक्राही येईल. फटीच्या कडेला वाळूची छोटी पिशवी ठेवली की कॅमेरा किंवा मोबाइल त्यावर स्थिर राहतो. दिसलेलं ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवत जा. तुमच्या गावच्या नोंदी तिथं फारशा नसल्या तर त्या तुमच्या नावानं सुरू होतील. रात्री मात्र तिथं बसायचं नाही. बिबट्या आला तर तुम्हाला मागं सरता येणार नाही.

आणि नेम धरायचाच असेल, तर त्यासाठी कोल्हापूरसारखं दुसरं गाव नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये नेमबाजीत जगज्जेती झाली, राही सरनोबत याच गावची, आणि पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर रायफलचं ब्राँझ जिंकणारा स्वप्नील कुसाळे तर तुमच्याच तालुक्यातल्या कांबळवाडीचा. पण तुम्ही लक्षात ठेवायचं नाव आणखी एक आहे : स्वरूप उन्हाळकर. कोल्हापूरचाच. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये १० मीटर एअर रायफलमध्ये चौथा आला. या प्रकारात दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलीमीटरचा असतो. रायफलचं वजन स्वतः पेलणाऱ्यांचा गट एसएच-१, आणि हातात तेवढी ताकद नसलेल्यांसाठी स्प्रिंगच्या टेकूवर रायफल ठेवायची सोय असलेला एसएच-२. कमरेवरचं तुमचं शरीर धड आहे, तर पहिल्या गटाचा विचार करा. कोल्हापुरातल्या दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर जाऊन एकदा नुसतं बघून या. जाताना पायऱ्या, दार, शौचालय यांची फोनवर आधी चौकशी करा. ती चौकशी करणं हा तुमचा हक्क आहे.

पोरांना ओसरीवर बोलवा, भाऊ. शिकारीला नाही, गव्याचे माग बघायला बॅटरी घेऊन कुठं जायचं ते तुम्ही ठरवा. गावाच्या हद्दीत गवा कुठून उतरतो, कुणाच्या उसात थांबतो याचा नकाशा तुमच्याशिवाय त्यांना काढता येणार नाही. वनरक्षकाला त्याचा फार उपयोग होतो.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे, जन्मापासून दिसत नाही. शाळेची सहल पन्हाळ्याला चालली आहे. बाई म्हणाल्या, ‘तिला काय दिसणार? तटावरून पडली-बिडली तर जबाबदारी कुणाची?’ मुलगी दोन दिवस जेवली नाही. मी काय करू? – एक आई, राजारामपुरी

उत्तर : तुमच्या लेकीला आधी जेवायला घाला आणि सांगा, तू जाणार आहेस.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं १६ वं कलम सरकारमान्य शाळांबद्दल आहे. त्यात प्रवेशाबरोबरच खेळ आणि करमणुकीच्या संधी इतरांच्या बरोबरीनं देण्याचं म्हटलं आहे. सहल त्यातच येते. मुख्याध्यापकांना चार ओळींचं पत्र लिहा, कलमाचा उल्लेख करा, आणि भांडणाच्या सुरात न लिहिता खाली मदतीची तयारी लिहा : ‘मी स्वतः येते’ किंवा ‘तिची मैत्रीण बरोबर राहील’. बाईंना भीती वाटते ती खरी आहे. त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. म्हणून शिकवा. मुलीनं सोबतच्या माणसाचं कोपर धरायचं आणि अर्धं पाऊल मागं चालायचं. तिला मागून ढकलायचं नाही, हाताला धरून ओढायचंही नाही. पायरी आली की ‘वर’ किंवा ‘खाली’ एवढाच शब्द. वाट अरुंद झाली की सोबत्यानं आपलं कोपर पाठीमागं न्यायचं, ती आपोआप मागं येते.

‘काय दिसणार’ याचं उत्तर मी देते, कारण मी अंध मुलींबरोबर पन्हाळा फिरले आहे. तीन दरवाजाच्या दगडावरचं कोरीव काम बोटांनी वाचता येतं, आणि डोळस पोरं जिथून धावत पुढं जातात तिथं या मुली अर्धा तास रमतात. अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन धान्यकोठारं आहेत. एकट्या गंगा कोठीत २५ हजार खंडी धान्य मावायचं म्हणतात. हा आकडा पुस्तकात वाचून कुणाला कळतो? आत उभं राहून एक हाक मारली की कळतो. आवाज वर जातो, फिरतो आणि उशिरा परत येतो. पुसाटी बुरुजावर वारा अंगावर येतो तेव्हा खाली केवढी पोकळी आहे ते तिला सांगावं लागत नाही. अंधार बावीच्या पायऱ्या मात्र ओल्या असतात, तिथं एका वेळी एकच जोडी उतरवा. तटाच्या कडेला सगळ्याच मुलांना जाऊ द्यायचं नसतं, तिलाही नाही. नियम सगळ्यांना एकच.

गाडी थेट गडावर जाते, त्यामुळं चढाचा प्रश्न नाही. पन्हाळा २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला आहे. आता तरी तिथं हातानं चाचपून बघायची एक छोटी दगडी प्रतिकृती आणि ब्रेलमधला नकाशा बसवावा, असं मला मनापासून वाटतं. तुमच्या लेकीनं सहलीहून आल्यावर तसं पत्र स्वतः लिहावं. तिच्या पत्राला माझ्या पत्रापेक्षा जास्त वजन येईल.

प्रश्न : वय ६८. अर्धांगवायूनंतर उजवा हात लुळा, चालताना काठी लागते. नोकरी संपल्यापासून पंचगंगेवर गळ टाकून बसणं हा एकच छंद होता. मुलगा म्हणतो, आता पुरे. – शाहूपुरी

उत्तर : काका, मुलाची काळजी योग्य आहे, पण छंद सोडायचं कारण नाही. जागा मात्र बदला. घाटाच्या पायऱ्या आणि बंधाऱ्याची कडा तुमच्यासाठी आता बंद. बंधाऱ्यावर कठडा नसतो आणि अर्धांगवायूत तोल एकाच बाजूला जातो. जिथं गाडी काठाजवळ जाते, उतार सौम्य आहे आणि माती घट्ट आहे अशी तळ्याकाठची जागा बघा. तळ्यातल्या मासेमारीचा हक्क बऱ्याच ठिकाणी मच्छीमार सोसायटीकडं असतो, त्यांना विचारून बसा. अभयारण्यात गळ चालत नाही.

हातांच्या खुर्चीत, पाण्यापासून दहा-बारा फूट मागं बसायचं. शेजारी पीव्हीसी पाइपचा दोन फुटांचा तुकडा जमिनीत ठोकून गळाची काठी त्यात उभी करा, म्हणजे धरून ठेवायला उजवा हात लागतच नाही. बऱ्याच रिळांची मूठ काढून दुसऱ्या बाजूला बसवता येते. ती तुमच्या डाव्या हाताला येईल अशी बसवून घ्या. गळ घरूनच बांधून न्यायचे. एका हातानं आमिष लावायला थर्मोकोलच्या तुकड्यात गळाचा दांडा रोवून ठेवा, टोक वर, आणि डाव्या हातानं कणीक किंवा गांडूळ चढवा. तुम्ही रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असाल तर टोचल्यावर रक्त लवकर थांबत नाही, म्हणून कापूस आणि पट्टी खिशात हवी. पावसाळ्यात मासे अंडी घालतात, त्या दिवसांत गळ घरीच ठेवा. गळाला कासव लागलं तर दोरा कापून सांभाळून सोडा, ते संरक्षित आहे. पट्ट्यानं स्वतःला खुर्चीशी बांधून घेऊ नका. पाण्याजवळ ते सगळ्यात धोक्याचं. त्याऐवजी लाइफ जॅकेट घाला आणि मुलाला म्हणा, तूही ये. त्यालाही गळ टाकायला शिकवा.

प्रश्न : आमचा ग्रुप दर जुलैला पन्हाळा–पावनखिंड मोहीम करतो. गुडघ्याखाली कृत्रिम पाय असलेला एक तरुण यायचं म्हणतो. घ्यावं का? – एक संयोजक

उत्तर : ते तुम्ही एकट्यानं ठरवू नका, त्याला विचारा. तो रोज किती चालतो, चिखलात चालला आहे का, पाय ओला झाला तर काय करतो? जयपूर फूट ओल्या शेतातही चालण्यासाठीच बनवलेला आहे, पण सगळे पाय तसे नसतात. खरी अडचण आत असते. दिवसभर ओल्या मोज्यात खुंटाची, म्हणजे उरलेल्या पायाच्या टोकाची, कातडी सोलते आणि मग तो आठवडाभर पाय लावू शकत नाही. दर दोन तासांनी पाय काढून खुंट कोरडा करायला दहा मिनिटं आडोसा द्या, कोरडे मोजे वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत असू द्या. पन्नास किलोमीटरच्या वरची सगळी वाट पहिल्याच वर्षी करायला हवी असं नाही. म्हसाई पठाराचा सपाट टप्पा तो तुमच्याबरोबर चालेल आणि पुढं गाडीनं मुक्कामावर येईल, असंही त्याला सुचवून बघा. पण आधी एखाद्या रविवारी, पाऊस असताना, त्याच्याबरोबर जोतिबाची वाट चालून या. त्याचा वेग त्या दिवशी कळेल आणि मोहिमेचं वेळापत्रक त्यावरून बसवता येईल.